टाकीत काय आहे

“तुम्हीच सांगा बाबा, माणसानं भरवसा ठेवायचा तरी कुणावर? पंपवाल्यावर, मिस्त्रीवर, की गाडीबरोबर येतं त्या पुस्तकावर?”

जयवंत मायनाक तकियाच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसला होता. बंदरावरचा मासळीचा व्यापारी. शाळा बेताची, पण जीभ साखरेची आणि नजर तराजूच्या काट्यासारखी. कल्ल्यात बोट घालून मासा कालचा की आजचा ते तो सांगे. समोरचा खोटं बोलतोय की खरं, हे तर बोटही न लावता.

समोर दगडूबाबा चुलीत लाकूड सारत होते. घाटाच्या पायथ्याशी पिराचं थडगं आहे, त्याची झाडलोट करणारे आणि शेजारच्या या तकियात, म्हणजे फकिराच्या झोपडीत, राहणारे हे म्हातारे फकीर.

बाबांनी चुलीत फुंकर घातली.

दोघांच्या मध्ये जमिनीवर एक नवी कोरी चादर होती. हिरवी मखमल, सोनेरी झालर. जयवंतशेठनं पिरासाठी आणली होती. बाबांनी अजून हात लावला नव्हता.

बाहेर पांढरी पिकअप उभी होती. मागच्या फळ्यांतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. स्टिअरिंगवर हात ठेवून शेठचा नवा ड्रायव्हर अंकुश पाष्टे बसला होता. इथपर्यंत तो मुकाट्यानं आला होता. तकियाशी गाडी लावून म्हणाला होता, “शेठ, बाबांनी सांगितलं गाडी ठीक आहे, तर वर जातो. नाहीतर चावी तुमची.”

आता बाबांनी तेवढं एक वाक्य बोलायचं होतं.

“बोला ना, बाबा.”

“ऐकतोय.”

“साधी गोष्ट आहे. एक पेट्रोल एक्याण्णवचं, एक पंच्याण्णवचं. पंपवाला म्हणतो, महागाचंच घाला. पुस्तक म्हणतं, साधं चालेल. मिस्त्रीचं आणखी तिसरंच. कुणाचं खरं धरायचं?”

“मला गाडी नाही, शेठ.”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो! ज्याला गाडी नाही, त्याला कमिशनही नाही.”

शेठ हसला. त्याचं हसणं असं होतं की समोरच्यालाही हसावं वाटे. बाबाही थोडं हसले.

“एक्याण्णव, पंच्याण्णव... हे आकडे कशाचे?”

शेठ सरसावून बसला. ही त्याच्या आवडीची जागा होती.

“ऑक्टेन म्हणतात त्याला. मला तरी कुठं ठाऊक होतं? एक इंजिनियर बंदरावर फिरायला आला होता. त्याला घरी जेवायला बसवला आणि सगळं काढून घेतलं. एक अख्खी सुरमई गेली, पण विद्या आली.”

“आकडा मोठा, म्हणजे जोर मोठा?”

“तिथंच लोक फसतात, बाबा! आमच्या आळीतला एक जण दसऱ्याला गाडीला हार घालतो आणि त्या दिवशी मुद्दाम पंच्याण्णव भरतो. बैलाला पुरणपोळी घालावी तसं. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या इंजिनाला त्याची गरज नाही, ते नुसतं जळून जाणार. म्हणतो कसा, सणाला तरी तिनं चांगलं खावं!”

“मग मोठा आकडा कशाचा?”

“उशिराचा.”

बाबांचा हात लाकडावर थांबला.

“आकडा जितका मोठा, तितकं ते पेट्रोल आपणहून पेटायला उशीर लावतं. बस. दुसरं काही नाही.”

“लोक जास्त पैसे देऊन उशिरा पेटणारं घेतात?”

“घ्यावंच लागतं. असं बघा...” शेठनं डाव्या हाताची मूठ केली आणि उजव्या तळव्यानं ती खालून दाबली. “आत पिस्टन पेट्रोलच्या वाफेला असा दाबतो. दाबलं की ती तापते. मग ठिणगी पडते, आग सुरू होते. पण हलक्या पेट्रोलला दाब सोसत नाही. ठिणगीची आग पोचायच्या आधीच ते कोपऱ्यात आपलं आपण भडकतं. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसावा तसं. टक, टक, टक. सपाटीवर काही कळत नाही. चढाला, भरल्या गाडीत, ऐकू येतं.”

“आणि भारी पेट्रोल?”

“ते दाबाखाली गप्प राहतं. आपली पाळी येईपर्यंत.”

बाबांनी चुलीतला जाळ सारखा केला.

“म्हणजे हा आकडा सबुरीचा आहे.”

“वा! क्या बात है, बाबा. इंजिनियरलाही असं सांगता आलं नसतं.” शेठनं मांडीवर थाप मारली. “मग आता बाहेर येऊन अंकुशला तेवढं सांगा. चादर चढवू, दुवा मागू आणि निघू. बर्फ थांबत नाही.”

“तुझ्या गाडीला किती सबुरी लागते, शेठ?”

थाप मारलेला हात मांडीवरच राहिला.

“आता बघा... पुस्तकात तर साधं चालेल असं...”

“पुस्तक तुझ्या गाडीचं आहे?”

...

पुस्तक त्या गाडीचं होतं आणि नव्हतंही.

उन्हाळ्यात शेठनं मिस्त्रीकडून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून घेतलं होतं. हेड घासलं की आतली जागा कमी होते, दाब वाढतो, गाडी घाटाला जोरात ओढते. कोल्हापूरच्या बाजारात जो आधी पोचतो त्याची मासळी आधी उठते. हे शेठला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मिस्त्रीनं तेव्हाच बजावलं होतं. शेठ, आता ते पुस्तक फाडून टाका. हिला यापुढं पंच्याण्णवच. साधं घातलंत तर चढाला टकटक करेल. टकटक करतानाही रेटलीत, तर एक दिवस पिस्टनला भोक पडेल.

काही दिवस शेठनं पंच्याण्णव भरलं. मग एकदा पंपावर ते संपलेलं होतं. साधं भरलं. गाडी टकटक करत का होईना, घाट चढून गेली.

व्यापाऱ्याची एक खोड असते. एकदा खपून गेलं ते नेहमीच खपेल असं त्याला वाटू लागतं.

तेव्हा गाडीवर लहू होता. अंकुशचा जुळा भाऊ. तोच चेहरा, तेच रुंद खांदे, मान किंचित डावीकडे झुकवून ऐकायची तीच सवय. पेट्रोल शेठ स्वतः भरून द्यायचा. लहूच्या हाती यायची ती भरलेली टाकी.

...

“शेठ, एक विचारू?” बाबा म्हणाले. “तुझी गाडी इथं थांबायची बंद का झाली?”

या घाटात एक रीत होती. चढ सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हरनं तकियाशी थांबायचं. टेप बंद करायचा, दोन्ही काचा खाली घ्यायच्या, आणि तिसऱ्या वळणापर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढायचा नाही. वर डोंगरात पीर झोपलेला आहे, म्हणत. त्याची झोप मोडू नये. जुने ड्रायव्हर ही रीत कडक पाळायचे. का पाळायची, हे कुणी कुणाला सांगत नसे. तिसऱ्या वळणापर्यंत इंजिनाचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

“बर्फ, बाबा,” शेठ म्हणाला. “तुमच्यापासून काय लपवायचं? मासळीच्या धंद्यात पीर एक वेळ माफ करतो, बर्फ करत नाही. एकदा एका बर्फवाल्यानं मला भुसभुशीत बर्फ दिला. वरून बघाल तर काचेसारखा. अर्ध्या घाटात नुसतं पाणी! अख्खा बांगडा रस्त्याकडेला ओतला. कावळ्यांनी सात पिढ्यांचं जेवण केलं. तेव्हापासून मी...”

“लहूनं सांगितलं होतं तुला. टकटक होतेय म्हणून.”

शेठचा बांगडा अर्ध्यावर राहिला.

“तो... बोलला असेल काहीतरी. ड्रायव्हर लोक काय, रोज काहीतरी बोलतात.”

“इथंच बोलला. उंबऱ्याबाहेरच्या दगडाशी. तू शेजारी बसला होतास. गाडी पुरती थांबलीही नव्हती. तो म्हणाला, शेठ, ठोकतेय, काच पूर्ण खाली करा म्हणजे ऐकू येईल.”

शेठ चादरीची झालर बोटांनी सरळ करू लागला.

“तू अर्धी उघडी काचही वर केलीस. टेप मोठा केलास.”

चुलीत लाकूड फुटलं. शेठ दचकला.

नंतर काय झालं ते घाटाखालच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. त्या दिवशी लहू एकटाच होता. दुसऱ्या वळणावर इंजिन धूर ओकून बंद पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं. भरलेली गाडी मागे सरकू लागली. हँडब्रेक धरेना. लहूनं उडी मारली आणि चाकामागे घालायला दगड उचलला.

गाडी कठड्याला अडली. मध्ये लहू होता.

बाबा वर पोचले तेव्हा झाकायला काही नव्हतं. ते परत खाली आले आणि पिराच्या अंगावरची चादर काढून घेऊन गेले.

तेव्हापासून थडगं उघडं होतं.

...

“पंपवाल्यानं भेसळ केली, बाबा,” शेठ हळू म्हणाला. “मी सगळ्यांना तेच सांगितलंय. लहूच्या बायकोला, अंकुशला. आणि मी त्यांना वाऱ्यावर सोडलं का? दिवसकार्य मी केलं. इंजिन नवं बांधून घेतलं. अंकुशला बोलावून काम दिलं. दुसरा कुणी शेठ असता तर...”

“भेसळ होती?”

“असते हो. कुठं नसते?”

“मी त्या दिवसाचं विचारतोय.”

शेठनं पंच्यानं कपाळ पुसलं.

“बाबा, माझ्या तराजूला अख्खं बंदर ओळखतं. वडिलांच्या काळापासून आमच्या काट्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही. कोळणीसुद्धा म्हणतात, मायनाक भाव पाडेल, पण माप मारणार नाही. आणि तुम्ही मलाच...”

“मी कुठं काय म्हटलं?”

“मग बाहेर येऊन दोन शब्द बोला. त्या पोराचा... अहो, पोर कसला, त्याला स्वतःला लेकरू आहे... त्याचा विश्वास आहे तुमच्यावर.”

“माझ्यावर कशाला? तुझ्यावर का नाही?”

शेठनं तोंड उघडलं. त्याच्याकडे या प्रश्नाला एक गोष्ट होती, एका सावकाराची आणि त्याच्या बहिऱ्या कारकुनाची. कुठंही सांगितली तर माणसं हसत. ती ओठापर्यंत आली आणि परत गेली.

बाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“असं करू. अंकुशला इथं बसू दे. मी त्याला चहा देतो. गाडी आज तू वर ने.”

“मी?”

“तुला येते चालवता. लहू यायच्या आधी तूच चालवायचास.”

“येते हो, पण...”

“रस्ता तोच आहे. गाडी तीच. इंजिन नवं बांधलंय म्हणतोस.”

“बाबा, माझं वय...”

“तिसऱ्या वळणापर्यंत ने. पुढं तो घेईल.”

शेठ बाहेर बघू लागला. अंकुशनं कशासाठी तरी मान डावीकडे झुकवली होती. क्षणभर शेठला कळेना, गाडीत कोण बसलंय.

त्यानं नजर चादरीवर आणली.

“टाकीत आज काय आहे, शेठ?”

“पेट्रोल आहे, बाबा. आणखी काय असणार...”

बाबा थांबले. माशाला टोचलेल्या गळाची दोरी ढिली सोडून कोळी थांबतो तसे.

“निम्मं-निम्मं,” शेठ म्हणाला.

बाबांनी पुढं बोल म्हणून मान हलवली.

“निम्मं पंच्याण्णव भरलंय. खरंच भरलंय, बाबा, शपथ घेतो. आणि निम्मं... म्हटलं, नवं इंजिन आहे, निम्म्यावर निभावेल.” त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईनासा झाला. “पंपावर उभा होतो. नळी हातात होती. भीती म्हणाली पूर्ण भर, सवय म्हणाली कशाला. दोघांचंही मन राखलं.”

“दुकानदारानं राखावं तसं.”

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांनी मध्ये पडलेली चादर उचलली. शेठला वाटलं, आता थडग्यावर घालतील. तोही घाईनं उठला आणि डोक्यावर रुमाल टाकला.

बाबा थडग्यापाशी थांबले नाहीत. ते सरळ बाहेर गेले.

गाडीचं दार उघडून त्यांनी ती हिरवी मखमल अंकुशच्या शेजारच्या सीटवर ठेवली. घडी नीट केली. झालर आत दुमडली.

अंकुश बघत राहिला.

“ही कशाला, बाबा?”

“मागच्या वेळी चादर न्यायला मला वर जाऊन परत खाली यावं लागलं. आता म्हातारा झालोय. आज आधीच बरोबर असू दे.”

अंकुशनं चादरीकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग त्यांच्या मागे, उंबऱ्यात उभ्या असलेल्या शेठकडे.

“शेठ?”

उन्हं डोंगरामागे कलली होती. घाटाचा रस्ता सावलीत गेला होता. वर कुठंतरी एक ट्रक गिअर बदलत होता. त्याचा आवाज खालपर्यंत येत होता.

“शेठ, बाबा काय म्हणतायत?”

शेठ चार पावलं पुढं आला. अंकुशच्या बाजूची काच वर होती. शेठ काचेपाशी उभा राहिला.

अंकुशनं काच खाली घेतली.

“आज वर नको,” शेठ म्हणाला. “गाडी मागे फिरव. खाली पंपावर जाऊ.”

“आणि मासळी?”

“जाऊ दे.”

अंकुशला हे नवीन होतं. मासळी जाऊ दे, असं या माणसाच्या तोंडून बंदरावर कुणी ऐकलेलं नव्हतं.

“झालं काय पण?”

“टाकीत... हिला जे लागतं ते निम्मंच आहे. इंजिन नवं बांधलं, पण हेड तेच आहे, घासलेलं. हिला पंच्याण्णवच लागतं. मिस्त्रीनं सांगितलं होतं मला. आधीच सांगितलं होतं.”

अंकुशनं चावीवरचा हात काढला. रागावला नाही. ओरडला नाही. सीटवरची चादर त्यानं उगाच थोडी पलीकडे सरकवली, मग परत होती तिथं आणली.

“लहू घरी म्हणायचा,” तो म्हणाला. “गाडी ठोकते म्हणून. रात्री उशाशी घड्याळ ठेवू द्यायचा नाही वहिनीला. म्हणायचा, टकटक ऐकली की घाट आठवतो. आम्ही हसायचो.”

बर्फाचं पाणी ठिबकत होतं. फळीखाली माती भिजून तिथं एक लहान खड्डा झाला होता.

“शेठ.”

“बोल.”

“आज निम्मं आहे. लहूच्या वेळी किती होतं?”

शेठनं बाबांकडे पाहिलं. बाबा चढाकडे बघत होते.

शेठनं ओठांवरून जीभ फिरवली. आयुष्यभर न अडलेली त्याची जीभ आता शब्द शोधत होती. मग तिला एक सापडला, जुना, वापरून गुळगुळीत झालेला.

“तेव्हा काय झालं, अंकुश, तो पंपवाला होता ना...”

“शेठ,” बाबा न वळता म्हणाले, “माप मारू नकोस.”